शाळेच्या नावामागे : कमला निंबकर

आषाढी वारीच्या वाटेवर ज्ञानेश्वर माउलींची पालखी जेथे मुक्कामाला थांबते, त्या फलटण शहरात ‘कमला निंबकर बालभवन’ नावाची मराठी माध्यमाची शाळा आहे. फलटण हे नाईक-निंबाळकरांचे जुने संस्थान. शिवछत्रपतींच्या राणी सईबाई याच घराण्यातील. त्यामुळे बाहेरगावच्या माणसाने ही पाटी घाईत वाचली, तर ‘निंबकर’ आणि ‘निंबाळकर’ यांत त्याची गल्लत होण्याचा संभव असतो. ही शाळा संस्थानिकांच्या घरातील एखाद्या दानशूर स्त्रीच्या नावाची असावी, असे त्याला सहज वाटू शकते.

प्रत्यक्षात कमला निंबकर राजघराण्यातील नव्हत्या. जन्माने त्या भारतीयही नव्हत्या. अमेरिकेतील एका क्वेकर कुटुंबात वाढलेल्या या स्त्रीने भारतात व्यवसायोपचार या वैद्यकीय शाखेचा पाया घातला. आशियातील व्यवसायोपचाराचे पहिले विद्यालय त्यांनी मुंबईत सुरू केले. आज देशभरातील रुग्णालयांत आणि विशेष मुलांच्या शाळांत व्यवसायोपचारतज्ज्ञ काम करतात, त्या परंपरेचा प्रारंभ त्यांच्यापर्यंत पोहोचतो. तरीही सर्वसामान्य मराठी वाचकाला त्यांचे नाव फारसे परिचित नाही. ते ठळक अक्षरांत टिकून आहे, ते फलटणच्या या शाळेच्या पाटीवर.

एलिझाबेथ लंडी ते कमला निंबकर

कमलाबाईंचे मूळ नाव एलिझाबेथ लंडी. त्यांचा जन्म १९०० सालचा. क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातील एक छोटा पंथ. प्रत्येक माणसात ईश्वरी प्रकाशाचा अंश असतो, अशी या पंथाची श्रद्धा आहे. त्यामुळे युद्धाला विरोध, गुलामगिरीला विरोध, तुरुंगांची आणि मनोरुग्णालयांची सुधारणा अशा चळवळींत क्वेकर मंडळी आघाडीवर राहिली.

यातील शेवटच्या गोष्टीचा कमलाबाईंच्या पुढील आयुष्याशी जवळचा संबंध आहे. अठराव्या शतकात मनोरुग्णांना साखळदंडांनी बांधून ठेवण्याची पद्धत युरोपात सर्रास होती. इंग्लंडमधील यॉर्क शहरात विल्यम ट्यूक या क्वेकर व्यापाऱ्याने १७९६ मध्ये मनोरुग्णांसाठी एक निवास उघडला. तेथे रुग्णांना माणसासारखे वागवले जाई आणि बागकाम, शिवणकाम, घरातील कामे अशा उद्योगांत त्यांना गुंतवले जाई. हाताला अर्थपूर्ण काम मिळाले की मन सावरते, असा तेथील अनुभव होता. त्याच धर्तीवर अमेरिकेतील क्वेकरांनी फिलाडेल्फियाजवळ १८१७ मध्ये रुग्णालय सुरू केले. बरोबर शंभर वर्षांनी, १९१७ मध्ये, अमेरिकेत व्यवसायोपचाराचा पुरस्कार करणारी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. त्याच सुमारास पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांमुळे या उपचारपद्धतीची गरज सर्वांना पटली.

एलिझाबेथ यांनी १९३० मध्ये विष्णू निंबकर यांच्याशी विवाह केला. हिंदू धर्म स्वीकारून त्यांनी ‘कमला’ हे नाव घेतले आणि मुंबई ही आपली कर्मभूमी मानली. ते वर्ष मिठाच्या सत्याग्रहाचे होते. देश ब्रिटिश सत्तेविरुद्ध उभा ठाकला असताना एक गोरी स्त्री येथील समाजात सून म्हणून आली. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे, १९७९ मध्ये निधन होईपर्यंत, हाच देश त्यांचा होता.

व्यवसायोपचार म्हणजे काय?

‘व्यवसायोपचार’ हा शब्द ऐकला की काहीसा गोंधळ होतो. मराठीत व्यवसाय म्हणजे धंदा किंवा उदीम. रुग्णालयात तर या विभागाचा उल्लेख ‘ओटी’ असा होतो, आणि ‘ओटी’ म्हटले की रुग्णाच्या नातेवाइकांना शस्त्रक्रियागृह आठवते. येथे व्यवसाय याचा अर्थ मात्र वेगळा आहे. माणूस दिवसभरात जे जे हेतुपूर्वक करतो, ते सारे यात येते. दात घासणे, सदऱ्याची बटणे लावणे, घास तोंडापर्यंत नेणे, वहीत अक्षर काढणे, मुलाशी खेळणे आणि पोटासाठी राबणे, हे सर्व ‘व्यवसाय’च.

अर्धांगवायूने एका बाजूची शक्ती गेली, यंत्रात हाताची बोटे गेली, पोलिओने पाय लुळा पडला किंवा जन्मतःच मेंदूला इजा झाली, तर औषधे आणि शस्त्रक्रिया एका मर्यादेपर्यंतच साथ देतात. त्यानंतर प्रश्न उरतो तो रोजच्या जगण्याचा. उरलेल्या शक्तीतून माणसाला पुन्हा काय काय करता येईल, त्यासाठी कोणता सराव हवा, कोणते साधन बदलून द्यायला हवे, घरात कोणती सोय करावी लागेल, याचा विचार व्यवसायोपचारतज्ज्ञ करतो. भौतिकोपचारात प्रामुख्याने स्नायू, सांधे आणि हालचाल यांवर भर असतो. व्यवसायोपचारात त्या हालचालीतून प्रत्यक्ष काम साधले जाते की नाही, याकडे लक्ष असते.

म्हणूनच ही शाखा परदेशातून जशीच्या तशी आणता येत नाही. पाश्चात्त्य रुग्णाला काटा-चमचा धरणे आणि खुर्चीतून उठणे पुन्हा शिकवावे लागते. आपल्याकडे मांडी घालून बसणे, जमिनीवरून उठणे, बोटांनी भात कालवणे, साडीच्या निऱ्या घालणे, पिळे देऊन कपडे वाळत टाकणे ही कामे महत्त्वाची. उपचार करणाऱ्याला रुग्णाचे घर, स्वयंपाकघर आणि रोजगार ठाऊक असावा लागतो. अशी माणसे येथेच तयार व्हायला हवीत, हे ओघाने आले.

केईएममधील आरंभ

कमलाबाईंनी १९४०च्या दशकात पुन्हा अमेरिकेत जाऊन व्यवसायोपचाराचे रीतसर प्रशिक्षण घेतले. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. घर-संसार मांडलेल्या स्त्रीने त्या वयात नव्याने विद्यार्थिनी व्हावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. शिक्षण संपवून त्या मुंबईला परतल्या आणि १९५० मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात व सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू झाले. आशिया खंडातील या प्रकारचे ते पहिलेच विद्यालय.

जागा अत्यंत अनुरूप होती. केईएम हे गिरणगावातील रुग्णालय. भोवती कापड गिरण्या आणि कामगारांच्या चाळी. शरीरश्रमावर पोट असलेल्या या वस्तीत हात किंवा पाय निकामी होणे म्हणजे संपूर्ण कुटुंबाची मिळकत थांबणे. दुसरीकडे पोलिओने त्या काळात असंख्य मुलांना पांगळे केले होते. फातिमा इस्माईल यांनी आपल्या मुलीच्या आजारातून प्रेरणा घेऊन मुंबईत १९४७ मध्ये पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचार केंद्र सुरू केले होते आणि या मुलांच्या पुनर्वसनाचा विचार शहरात मूळ धरू लागला होता. भारतातील नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा प्रदेश पोलिओमुक्त जाहीर केला. आजच्या तरुण पिढीला त्या रोगाची दहशत ठाऊक नाही. १९५०च्या आसपास मात्र लोखंडी पट्ट्यांचे बूट घातलेले मूल प्रत्येक वस्तीत दिसत असे.

अशा मुलांकडे पाहण्याची समाजाची दृष्टी दयेची होती. ‘बिचारा’ म्हणायचे, प्रारब्धाला दोष द्यायचा आणि घराच्या कोपऱ्यात बसवून ठेवायचे, हीच रीत. व्यवसायोपचाराची भूमिका याच्या नेमकी उलट आहे. मुलाला काय येत नाही, याची यादी करून तो थांबत नाही. त्याला काय येते, तेथून तो सुरुवात करतो. हा दृष्टिकोन शिकवणारे विद्यालय शहरातील एका सार्वजनिक रुग्णालयात उभे राहिले, हे या घटनेचे खरे महत्त्व.

मुंबईनंतर १९५८ मध्ये नागपूरला दुसरे विद्यालय सुरू झाले. म्हणजे देशातील या शाखेची पहिली दोन्ही विद्यालये आजच्या महाराष्ट्रात आहेत.

देशभर आणि देशाबाहेर

केवळ विद्यालय काढून व्यवसाय उभा राहत नाही. त्याला संघटना लागते, नियतकालिक लागते, अभ्यासक्रमाची आणि परीक्षेची मान्यता लागते. कमलाबाईंनी या प्रत्येक बाजूकडे लक्ष पुरवले. १९५२ मध्ये अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञ संघटना स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्याच वर्षी इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे व्यवसायोपचाराच्या जागतिक महासंघाची मुहूर्तमेढ रोवली गेली. त्याच्या दहा संस्थापक देशांत भारताचा समावेश होता. जेमतेम दोन वर्षांचे विद्यालय असलेला नवस्वतंत्र देश अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, स्वीडन यांच्या पंक्तीला बसला, यामागे कमलाबाईंचा वाटा मोठा होता.

आशियातील पुनर्वसनाच्या कार्याला वाहिलेले एक इंग्रजी नियतकालिक त्यांनी चालवले आणि भारतातील अपंग पुनर्वसनाचा इतिहास सांगणारे पुस्तकही लिहिले. संघटनेच्या वार्षिक अधिवेशनात त्यांच्या नावाचे पारितोषिक दिले जाते. व्यवसायोपचाराच्या वर्तुळात त्यांचे नाव म्हणूनच आदराने घेतले जाते. त्या वर्तुळाबाहेर ते पोहोचले नाही.

या क्षेत्राला कायद्याची चौकट मिळायलाही बराच काळ लागला. महाराष्ट्रात व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा कायदा झाला, तो एकविसाव्या शतकाच्या आरंभी. राष्ट्रीय पातळीवर २०२१ च्या संबद्ध व आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग कायद्यात या शाखेला स्थान मिळाले. केईएममधील आरंभानंतर सात दशकांनी.

फलटणशी नाते

मुंबईच्या रुग्णालयातील या कार्याचा धागा फलटणपर्यंत पोहोचला, तो कमलाबाईंचे पुत्र बनबिहारी निंबकर यांच्यामुळे. ‘बॉन’ या नावाने ते परिचितांत ओळखले जात. मुंबईत स्थिरावण्याऐवजी त्यांनी फलटणमध्ये शेती करण्याचा मार्ग निवडला. १९६८ मध्ये त्यांनी तेथे निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. करडई, ऊर्जा, शेळी-मेंढीपालन अशा विषयांतील संशोधनासाठी ही संस्था प्रसिद्ध आहे. जुळी कोकरे देणारी ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तिच्याच संशोधनाचे फळ.

बनबिहारी यांच्या पत्नी जाई निंबकर या इंग्रजी कादंबरीकार. मानववंशशास्त्रज्ञ आणि ‘युगान्त’च्या लेखिका इरावती कर्वे यांच्या त्या कन्या, म्हणजेच महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या नात. अशा रीतीने दोन परंपरा फलटणच्या या घरात एकत्र आल्या. एक स्त्रीशिक्षणाची, तर दुसरी अपंग पुनर्वसनाची. गावाने ज्या व्यक्तीला ‘आपली’ मानावे, तिचा जन्म गावातच व्हायला हवा असे नाही. तिच्या पुढच्या पिढ्यांनी गावात घर केले, काम केले आणि तिचे नाव गावातील मुलांच्या दप्तरापर्यंत नेले, तर ती व्यक्ती गावाचीच होते.

मॅक्सीन मावशींची शाळा

शाळा उभी केली, ती मात्र कुटुंबाबाहेरच्या आणखी एका अमेरिकन स्त्रीने. डॉ. मॅक्सीन बर्नसन या भाषाशास्त्राच्या अभ्यासक. फलटण परिसरातील मराठी बोलीचा अभ्यास करण्यासाठी त्या १९६०च्या दशकात येथे आल्या आणि फलटणच्याच झाल्या. भारताचे नागरिकत्व त्यांनी स्वीकारले. जाई निंबकर यांच्यासह त्यांनी अमराठी माणसांना मराठी शिकवणारी पाठ्यपुस्तके तयार केली. गावातील लहानथोर त्यांना ‘मॅक्सीन मावशी’ म्हणू लागले.

घराजवळच्या दलित वस्तीतील मुले शाळेत जात नाहीत, गेली तरी टिकत नाहीत आणि टिकली तरी त्यांना वाचता येत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. या मुलांना त्यांनी शिकवण्यास सुरुवात केली. त्यातूनच पुढे प्रगत शिक्षण संस्था आकाराला आली आणि १९८६ मध्ये ‘कमला निंबकर बालभवन’ सुरू झाले. कमलाबाईंची नात डॉ. मंजिरी निंबकर यांनी वैद्यकीय शिक्षण घेतलेले असूनही पुढे या शाळेची धुरा अनेक वर्षे वाहिली.

शाळेची ओळख आहे ती प्रामुख्याने वाचन शिकवण्याच्या पद्धतीमुळे. आपल्याकडे पहिलीच्या मुलाकडून आधी सगळी मुळाक्षरे आणि नंतर बाराखडी घोकून घेण्याची जुनी रीत आहे. यात मुलाच्या हाती खरा शब्द येईपर्यंत कित्येक महिने जातात. घरी पुस्तक नसलेले मूल तोवर कंटाळून जाते, मागे पडते आणि ‘ढ’ ठरते. मॅक्सीन मावशींनी अक्षरांचे छोटे गट केले. थोडी अक्षरे आणि त्यांच्याबरोबरच काना-मात्रा शिकवायच्या, आणि तेवढ्यातून तयार होणारे अर्थपूर्ण शब्द व वाक्ये मुलाने लगेच वाचायची. चार अक्षरे शिकलेल्या मुलालाही आपण वाचतो आहोत, याचा आनंद पहिल्याच टप्प्यावर मिळतो. जोडीला भरपूर गोष्टीची पुस्तके, मुलांच्या स्वतःच्या अनुभवांचे लेखन आणि घरच्या बोलीला वर्गात मान. ही पद्धत संस्थेने शाळेच्या भिंतींबाहेर, जिल्हा परिषदेच्या शाळांपर्यंतही नेली.

नावाचा अर्थ

कमलाबाईंचे विद्यालय रुग्णालयातील होते आणि फलटणचे बालभवन ही सर्वसामान्य मुलांची शाळा. वरकरणी दोन्हींत काही साम्य दिसत नाही. परंतु वाचन शिकवण्याची ही रीत आणि व्यवसायोपचाराची रीत शेजारी ठेवून पाहिली की दोन्हींच्या मुळाशी असलेला विचार एकच असल्याचे ध्यानात येते.

अर्धांगवायूच्या रुग्णाला तज्ज्ञ एकदम साडी नेसायला सांगत नाही. तो आधी बोटांची पकड पाहतो, कामाचे छोटे टप्पे करतो आणि प्रत्येक टप्प्यावर रुग्णाच्या हातून काहीतरी पुरे होईल, याची काळजी घेतो. पुरे झालेल्या छोट्या कामातून पुढच्या कामाचे बळ येते. अक्षरांचे छोटे गट करून पहिल्या आठवड्यांतच मुलाला शब्द वाचू देणारी शिक्षिका हेच करत असते. दोन्ही ठिकाणी दोष माणसात न शोधता पद्धतीत शोधला जातो. मूल वाचत नाही, याचा अर्थ त्याला वाचता येणार नाही असा होत नाही. त्याला चालेल अशी वाट अजून सापडलेली नाही, इतकाच तो अर्थ.

हाताच्या कामातून शिक्षण हा विचार महाराष्ट्राला नवा नव्हता. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नयी तालीमची कल्पना मांडली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी अंगणात आणि कुरणात शाळा नेली होती. कमलाबाईंनी याच विचाराची वैद्यकातील बाजू उभी केली.

आज या बाजूची गरज शाळांना पूर्वीपेक्षा अधिक जाणवते आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेचे दार उघडले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मान्य केले आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेलाही स्थान दिले. पेन्सिल धरता न येणारे, एका जागी बसू न शकणारे किंवा अक्षरे उलटी काढणारे मूल आता सर्वसाधारण वर्गातच असते. त्याला मदत करू शकणारा व्यवसायोपचारतज्ज्ञ मात्र बहुतेक मोठ्या शहरांतच भेटतो. तालुक्याच्या गावातील पालकाला अशी मदत असते, हेच अनेकदा ठाऊक नसते.

पाटीवरची जबाबदारी

शाळांना नावे देण्याची आपली रीत ठरलेली आहे. राष्ट्रपुरुष, संतपुरुष, देणगीदाराचे आईवडील किंवा संस्थाचालक नेते. नावाचा समारंभ होतो, तसबिरीला हार पडतो आणि काही वर्षांत त्या नावाचे आद्याक्षरांत रूपांतर होते. मुले दहा वर्षे ज्या नावाचा गणवेश घालतात, त्या व्यक्तीने काय केले हे त्यांना सांगता येत नाही, असा अनुभव सर्वत्र येतो.

कमला निंबकर यांच्या बाबतीत ही विस्मृती अधिक नुकसानीची ठरेल. राष्ट्रपुरुषांची चरित्रे पाठ्यपुस्तकात असतात आणि नेत्यांची स्मारके चौकात असतात. कमलाबाईंचे चौकात स्मारक नाही. सर्वसामान्यांच्या नजरेला पडावे असे त्यांचे स्मारक म्हणजे पहिलीतले मूल रोज वाचते ती ही पाटी. परक्या देशातून आलेल्या स्त्रीने येथील पांगळ्या हातांना काम दिले आणि तिच्या नावाच्या शाळेत गावातील उपेक्षित मुले आपल्या भाषेत वाचू लागली, एवढी हकिकत जरी प्रत्येक तुकडीला एकदा सांगितली गेली, तरी पाटीवरचे नाव राखले जाईल.

ठळक नोंदी

१९०० : एलिझाबेथ लंडी यांचा अमेरिकेत जन्म.
१९३० : विष्णू निंबकर यांच्याशी विवाह, कमला हे नाव धारण केले.
१९५० : केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे आशियातील पहिले विद्यालय.
१९५२ : अखिल भारतीय संघटनेची स्थापना, जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारताचा समावेश.
१९५८ : नागपूर येथे दुसरे विद्यालय.
१९७९ : कमला निंबकर यांचे निधन.
१९८६ : फलटण येथे कमला निंबकर बालभवनाचा प्रारंभ.